गुरुजींना वाईला जाऊ द्या

गणपतराव गुरुजींचा आणि माझा परिचय एका हरवलेल्या कबुतरामुळे झाला. आष्ट्याच्या शाळेत मी नवा मास्तर होतो. माझा एकुलता एक गिरेबाज कबूतर भरकटून गुरुजींच्या ढाबळीत, म्हणजे त्यांच्या कबुतरखान्यात, उतरला. कबूतरबाजांचा रिवाज असा, की ज्याच्या ढाबळीत पाखरू उतरले त्याचे ते झाले. मी चाचरतच त्यांच्या दारात उभा राहिलो. गुरुजींनी पाखरू माझ्या हातात ठेवले. "मास्तर, तुमचं हाय, घिऊन जा. पंख दुखावलाय, हळद लावलीया. चार दिस उडवू नगा."

त्या दिवसापासून मी शाळेत त्यांचा सहकारी आणि ढाबळीत त्यांचा शिष्य झालो. लढाईच्या दिवसांत रेशनचे जोंधळे पुरत नसत. तेव्हा गुरुजी ताटातली अर्धी भाकरी कुस्करून पाखरांपुढे टाकीत आणि काकूंना, म्हणजे आपल्या पत्नीला, भूक नसल्याचे सांगत. काकूंना ते कधीच पटले नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्यांना खोकला जडला. ढाबळ झाडली की संध्याकाळी अंगात कणकण भरे, धाप लागे. गावात क्षयाची कुजबुज सुरू झाली. मी मुळात भित्रा माणूस. माझी झोपच उडाली. आपल्याकडे म्हणतात, कबुतराच्या पंखांच्या वाऱ्याने दम्याला उतार पडतो. म्हणून मीच पुढाकार घेऊन त्यांची खाट ढाबळीत हलवली. गुरुजींनीही नको म्हटले नाही, त्यांना ते हवेच होते. महिनाभर मी रोज प्रकृती विचारली आणि त्यांनी रोज "बरं हाय" म्हणून सांगितले. बरे मुळीच नव्हते. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

मिरजेला छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय निघाला नाही. मग हवापालटासाठी ते वाईला लेकीकडे गेले आणि महिन्याभरात खडखडीत होऊन परतले. आठ दिवसांत पुन्हा तीच धाप. तेव्हा काकूंनीच मिरजेच्या डॉक्टरांना सांगितले, "आवं डाक्टर, वाईला हे घाटाच्या पायऱ्या चढत व्हते. हितं सोप्यावर चढवंना. मला तर ह्या पाखरांचाच संशय येतुया."

डॉक्टरांनी गुरुजींची छाती पुन्हा तपासली. मग म्हणाले, "या दुखण्याचं नाव मला ठाऊक नाही, पण काकूंचं बरोबर वाटतं. पिसांची आणि विष्ठेची धूळ यांच्या छातीला सोसत नाही. असंच चाललं तर फार दिवस निघायचे नाहीत."

गुरुजींनी मन घट्ट करून सगळी पाखरे वडूजच्या एका स्नेह्याला दिली. पण घर चुकू नये म्हणून त्यांनीच शिकवलेली ती पाखरे. सोडल्याबरोबर ती आष्ट्याला परत आली आणि कौलांवर बसली. ढाबळ बंद पाहून ती सोप्यात उतरू लागली. गुरुजींच्याने त्यांना हुसकवेना. काल मी गेलो तेव्हा ते दाणे टाकीत होते आणि दर दोन मुठींनंतर भिंतीला टेकत होते. "परत आल्याली पाखरं उपाशी कशी ठिवू, मास्तर?" एवढे बोलायलाही त्यांना तीनदा थांबावे लागले.

आता षष्ट्यब्दीनिमित्त आपल्या सत्कार समितीने त्यांना नवी ढाबळ बांधून देण्याचे ठरवले आहे. प्रत्येक शिष्याने पाखरांची एकेक जोडी आणावी, असेही सुचवले आहे. यामागचे प्रेम मी जाणतो. खाट हलवताना माझेही प्रेमच होते. मंडळी, हात जोडून सांगतो, शाल द्या, नारळ द्या, पाखरू आणू नका. आणि त्यांना "इथेच राहा" असा आग्रह करू नका. पाखरे आष्टा सोडणार नाहीत, तेव्हा गुरुजींनीच सोडले पाहिजे. कौलांवरच्या पाखरांचे दाणापाणी मी बघेन, तोंडाला पंचा बांधून. तसा शब्द मी काकूंना दिला आहे.

गुरुजींना उदंड आयुष्य लाभो आणि त्यातला प्रत्येक श्वास त्यांना छातीभर घेता येवो. त्यांच्यावाचून मला इथे करमणार नाही. तरीही त्यांनी जावे. ते आमच्या डोळ्यांसमोर नसले तरी चालेल.