जादूगारांच्या देशातली सात कलमं

परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात, की तुमच्या खेळातल्या देशात जादूगारांवर हुकूम कुणाचा चालणार. तुमची आई मागे हसत होती. का, ते तिने सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

आम्ही तेव्हा खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. तुमची आई आठ वर्षांची होती. शेजारी तिच्याच वयाची एक मुलगी राहायची. तिचे अब्बा तुमच्या आजोबांच्याच खात्यात होते. मे महिन्याच्या सुट्टीत दोघींनी मिळून जादूचा एक देश काढला. राजा कायम तुमची आई, कारण पुठ्ठ्याचा मुकुट आमच्या घरचा. प्रधान तुमचा मामा. जादूगार कायम शेजारची, कारण मंत्र तिलाच सुचायचे. कायदा एकच होता: राजाला न विचारता जादू केली की मनोऱ्यात रवानगी. मनोरा म्हणजे आमच्या जिन्याखालची अंधारी जागा. तिथे मी पाट आणि रद्दी ठेवत असे.

एका दुपारी शेजारचीने प्रधानाची म्हैस केली. मामा खुशीत हंबरत घरभर फिरला. राजाने मात्र तिला मनोऱ्यात टाकलं आणि विसरून आंबा खायला बसला. बऱ्याच वेळाने ती आपणच बाहेर आली आणि गुडघ्यांवरची धूळ झटकत म्हणाली, "उद्यापासून मी येणार नाही. तुझा देश तूच खेळ."

क्वार्टर्समध्ये तुमच्या आईला दुसरी मैत्रीण नव्हती, आणि अर्धी सुट्टी शिल्लक होती. आंबा तसाच राहिला.

मी महिला मंडळाची चिटणीस. घटना, ठराव, इतिवृत्त या माझ्या आवडीच्या गोष्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आखीव वहीत त्या देशासाठी सात कलमं लिहिली. आरोप आधी सांगायचा, जादूगाराचं म्हणणं ऐकायचं, निकाल पाच जणांच्या मंडळाने द्यायचा, वगैरे. वही घेऊन मी स्वतः शेजारी गेले. मुलगी ओट्यावर लसूण सोलत होती. तिने एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं.

"काकू, या पाच जणांत जादूगार किती?"

मी वही परत घेऊन पाहिलं. राजा, प्रधान, सेनापती, खजिनदार, चिटणीस. एकही नाही.

"काकू शिकलेल्या आहेत, उगाच शंका काढू नकोस," तिची अम्मी आतून म्हणाली.

"शिकलेल्या आहेत म्हणून तर विचारतेय!"

"मग तूच सांग काय करायचं," मी म्हटलं.

"लपाछपीत चकतो, तसं इथेही चकायचं. पण नियम आधी लिहायचे, चकायचं मग."

चकणं म्हणजे सगळ्यांनी एकदम हात पालथे किंवा उताणे टाकायचे. ज्याचा वेगळा पडेल तो सुटला; इथे सुटेल तो राजा. म्हणजे नियम लिहिताना कोण राजा आणि कोण जादूगार, हे कुणालाच ठाऊक नसणार. मला हे सुचलं नव्हतं.

ती वहीसकट आमच्याकडे आली. तुमच्या आईने तिला जागा करून दिली आणि चकायचं आहे हे कळताच तुमची आई एकदम फार काळजीपूर्वक कायदे करू लागली.

"मनोऱ्यात बॅटरी हवी."

"कालपर्यंत तर नको होती," शेजारची म्हणाली.

"बसायला पाट. आणि आंब्याची फोड."

"एकच?"

"दोन."

मंडळात पाचाऐवजी सहा जण आणि त्यांत निम्मे जादूगार असावेत असं ठरलं. माणसं कमी पडली म्हणून उशा बसवल्या. शेजारचीनेही एक कलम घातलं, कारण राजा तीही होऊ शकत होती: विचारल्याशिवाय कुणाची म्हैस करायची नाही.

"पण मला आवडतं!" मामा ओरडला. मग 'प्रधानाने स्वतः मागितल्यास चालेल' अशी दुरुस्ती झाली.

चकले. मुकुट शेजारचीच्या कानांवरून घसरू लागला आणि तुमची आई जादूगार झाली. तिने लगेच, कुणालाही न विचारता, राजाचं मांजर केलं. उशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ती दोषी ठरली. पाट, बॅटरी आणि दोन फोडी घेऊन ती मनोऱ्यात गेली. थोड्याच वेळात राजाही, मुकुट काढून, वाकून आत शिरला.

जिन्याखालून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. बाहेर प्रधान उशांपुढे हात जोडून उभा होता. "मीसुद्धा काहीतरी केलंय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता.