नवमीचा ताप

"तू राहू दे. तुझ्या टेबलाची पूजा आक्का करतील."

साहेब हे सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्या हातात हळदकुंकवाची वाटी होती. ती बाजूला ठेवायला लावली. दुसरी वाटी आणली.

बेळगावातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात मी अप्रेंटिस. खंडेनवमीला इथं ज्यानं त्यानं आपापल्या यंत्राची पूजा करायची. लेथवाल्यानं लेथची, ड्रायव्हरनं टेम्पोची. माझ्या टेबलावर सोल्डरिंगचं सामान, एक ऑसिलोस्कोप आणि चाचणीला लावलेला उघडा सर्किट बोर्ड.

जरा आधी मालकांच्या आईनं, म्हणजे आक्कांनी, मायेनं माझी चौकशी केली होती. आडनावावरून कळेना, म्हणून गाव विचारलं. खानापूरकडचं खेडं. त्यावरूनही कळेना, म्हणून गल्ली.

"भीमनगर," मी म्हणाले.

"असू दे, असू दे," आक्का म्हणाल्या. मग साहेबांच्या कानाशी लागल्या.

साहेब डिझाइन विभागाचे प्रमुख. पहिल्या दिवशी आम्हा नव्यांपुढे त्यांचं भाषण झालं. अप्रेंटिसपासून सीनियर इंजिनीयरपर्यंतचा जिना त्यांनी फळ्यावर काढला आणि म्हणाले, "इलेक्ट्रॉनला जात नसते." इलेक्ट्रॉनपुरतं ते खरं निघालं. त्या जिन्याची पहिली पायरी म्हणजे डिझाइनची खोली, आणि तिथं कुणाला घ्यायचं हे साहेबच ठरवणार.

म्हणून मी "व्हय सर" म्हणाले. दोन्ही हात पाठीमागे नेले. चोरी सापडल्यासारखे.

आमच्या घरी खंडेनवमी करत नाहीत. बाबांनी देव्हारा केव्हाच उतरवला. कुंकू लावलं नाही म्हणून ऑसिलोस्कोप रुसतो, असं मलाही वाटत नाही. तरी कान तापले. जे आपल्याला नकोच होतं, त्यातूनही कुणी हाकललं की लाज तेवढीच वाटते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आणि त्याहून जास्त लाज त्या "व्हय"ची. प्रसादाचा पेढा मला वरून कागदावर टाकला. मी तो खाल्ला. वर "थँक्यू"ही म्हणाले.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर स्टोअरचे मारुतीआप्पा भेटले. आमच्याच समाजाचे. नवमीला रजेवर होते. झालेलं त्यांच्या कानावर आलंच होतं.

"मला दर नवमीला ताप येतोय बघ पोरी. दसऱ्याला उतरतोय. तूबी आणायला शीक की गं." ते हसले. इतकी वर्षं हसून हसून त्यांना ते हसणं जमलं होतं. मला त्या हसण्याची भीती वाटली. माझंही असंच होणार होतं.

आत गेले तर साहेब माझ्या टेबलापाशी. आक्कांचं ओलं कुंकू बोर्डावर ओघळून वाळलं होतं. बोर्ड चालेना.

"एवढं साफ कर. तुझा हात हलका आहे."

मी स्पिरिटची बाटली उचलली. परत ठेवली.

"सर, हात तोच हाय. नवमीचा."

"काय?"

"पूजेला न्हाय चालला, मग कुंकू पुसायला कसा चालतोय? ज्यांनी लावलं त्यांनी पुसावं."

शेजारच्या टेबलांवरचे सगळे एकदम फार कामात गेले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "डिझाइनला यायचंय ना तुला?"

"यायचंय. ते पुसून न्हाय."

डिझाइनला शेजारच्या टेबलावरच्याला घेतलं. "स्वभाव टीमला साजेसा हवा," असं मला सांगण्यात आलं. आप्पांनी विचारलं, "जिरली का गं?"

न्हाय जिरली. अप्रेंटिसशिपचं एक वर्ष उरलंय. डिझाइनसाठी मी पुन्हा नाव देणार, आणि नाकारलं तर कारण सगळ्यांसमोर विचारणार. त्या वर्षात एक नवमीही येते. पूजा ज्याला करायची त्यानं करावी. मला ताप येणार नाही. मी माझ्या टेबलापाशी उभी असेन. दोन्ही हात पुढे. टेबलावर.