मधलं पान

चुडामण नानांनी आयुष्यात मोठी अशी एकच चूक केली, आणि तीही शास्त्राला धरून केली.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या त्यांच्या गावात ख्रिस्ती घरं सगळी मिळून अकरा. दर गुरुवारी संध्याकाळी नानांच्या ओसरीवर शास्त्राचा अभ्यास भरायचा आणि उलगडून सांगायचे ते नानाच. त्यांचा जीव बायबलातल्या अब्राहामावर. पुतण्या लोट याच्या गुराख्यांशी भांडणं व्हायला लागली, तेव्हा त्या म्हाताऱ्याने जमिनीची निवड आधी पुतण्याला करू दिली. लोटाने पाण्याची हिरवीगार बाजू उचलली आणि सदोम या पापी शहराजवळ जाऊन राहिला. पुढे त्या शहरावर आकाशातून आग पडली.

नानांनाही पुतण्या होता, अभिमन. भाऊ झिपरू साप चावून गेला तेव्हा पोर तीन वर्षांचं. नानांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी आणि बायको केसरबाईंनी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं. मग चौऱ्याऐंशी साली वाटणीची वेळ आली. एक तुकडा नदीकाठचा, काळा, विहिरीसकट. दुसरा टेकडीखालची बरड, तिथे कुसळसुद्धा उपकार केल्यासारखं उगवायचं. पंच बसले होते. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "अभिमन, तू पसंत कर. तू नदीकडे गया तं मी बरडकडे जासू."

ऐकणाऱ्यांना गहिवरून आलं. नानांनाही आलं, थोडं स्वतःचंच कौतुक वाटून. पोरगं आता पाया पडेल आणि म्हणेल, नाना, तुम्ही असताना मी कोण निवडणारा, याची त्यांना शंभर टक्के खात्री होती. ते ऐकायला त्यांनी कान टवकारलेच होते.

"माले नदीकडलं द्या," अभिमन म्हणाला. विचार करायलासुद्धा थांबला नाही.

नानांनी कागदावर सही केली. ज्याला घास भरवला त्यानेच केसाने गळा कापला, हे एकच तीन दिवस त्यांच्या डोक्यात घुमत राहिलं. चौथ्या दिवशी विहिरीवर जाऊन त्यांनी अभिमनला विचारलं, तुझ्या मनाला काहीच कसं वाटलं नाही? तो खाली बघत म्हणाला, "नाना, तुम्हीनच तं सांगं, पसंत कर." ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

नदीकाठी केळी लागली. अभिमनने राजदूत फटफटी घेतली, मग शिरपुरात घर घेतलं. आधी त्याचा गुरुवार सुटला, मग रविवारही. नाना बरडीवर तूर आणि दादर ज्वारी पेरत राहिले आणि गुरुवारी लोटाचा धडा घेत राहिले. डोळ्याला दिसेल ते निवडणाऱ्याचं काय होतं बघा, असं म्हणून ते वाटणीवरून थेट आगीवर यायचे. लेकी बोले सुने लागे, सगळ्यांना समजत होतं. आग काही पडेना. केळीचे घड मात्र दरवर्षी वाढतच चालले. तेव्हा नानांना वाटायला लागलं, पुतण्याने दगा दिला तो दिलाच, आता शास्त्रही देतंय.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात वादळ आलं. कापणीला आलेली अभिमनची सगळी केळी अर्ध्या तासात आडवी झाली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. ओसरी भरली. बऱ्याच वर्षांनी अभिमनही आला आणि चप्पल काढून खांबाशी बसला. त्याच्या नखांत चिखल होता.

नानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. आगीचं पान बोटाच्या सवयीने लगेच सापडलं. आवाज खणखणीत लागला. इतक्या वर्षांत तो तसा लागला नव्हता.

तेवढ्यात आतून केसरबाई बोलल्या. त्या धरणगावच्या, शास्त्र लहानपणी वडिलांपाशी बसून शिकलेल्या, पण अभ्यासात कधी तोंड न उघडणाऱ्या. "मधलं पान तुम्हीन कधी वाचंच नही," त्या म्हणाल्या.

नानांनी पानं मागे उलटली. वाटणीचं पान हाताळून मळलेलं, आगीचंही मळलेलं. मधलं कोरं करकरीत. त्या पानावर अब्राहाम देवासमोर उभा होता, लोट राहतो त्या शहरासाठी गयावया करत. पन्नास भले लोक सापडले तर सोडशील ना? पंचेचाळीस? तीस? देवाचा राग ओढवेल हे माहीत असून म्हातारा दहापर्यंत खाली आला होता.

नाना वाचत गेले. दहावर आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा खांबाकडे पाहिलं.

"पोरा, मी चार वरीस आगनी वाट देखत व्हतू," ते म्हणाले.

अभिमनने मान हलवली. "माले माहीत व्हतं, नाना," तो म्हणाला. "म्हनूनच मी येत नव्हतू."