चारशे वर्षांची भिंत

एर्सिलिया आमच्या शेजारी राहायला आली ती एकोणीसशे बत्तीसच्या उन्हाळ्यात, उघड्या ट्रकमधून. ट्रकमध्ये एक लोखंडी पलंग, लोकर पिंजायचा खिळ्यांचा पाट, दोन पेट्या आणि एक खुर्ची. खुर्चीत तिची सासू बसली होती, ओर्तेंझिया आजी. अख्ख्या रोममधून ती तशीच बसून आली. नवरा नझ्झारेनो मागून चालत आला.

आम्ही गोर्दियानीत, शहराबाहेरच्या त्या नव्या वस्तीत, त्यांच्या दोन महिने आधी आलो होतो, म्हणून आम्ही जुने. चिखलात पाय कुठं ठेवायचा, नळाला पाणी कधी येतं, संडासाच्या रांगेत कुणाशी भांडायचं नाही, हे मीच तिला सांगितलं. त्यांच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये एका विटेच्या जाडीची भिंत होती. तिकडं कुणी शिंकलं की इकडून आम्ही 'देव बरं करो' म्हणायचो. त्यामुळे तिचं जे सांगते आहे, त्यातलं निम्मं तिनं सांगितलेलं आहे आणि निम्मं मी भिंतीतून ऐकलेलं.

एर्सिलिया गाद्या करायची. बोनेल्ला गल्लीत त्यांच्या घरामागं अंगण होतं. थंडी सरली की सगळी गल्ली आपापल्या गाद्या तिच्याकडं आणून टाकी. ती त्या उसवायची, लोकर धुऊन वाळवायची, पिंजायची, पुन्हा भरून शिवायची. नझ्झारेनो गवंडी. मूलबाळ झालं नाही. घर भाड्याचंच, पण सासूच्या पणजीपासून त्याच घरातलं.

मग वरून हुकूम आला की त्या सगळ्या गल्ल्या पाडायच्या. जमिनीखाली जुन्या सम्राटांचे चौक आहेत, देवळं आहेत, ते उघडे करायचे आणि त्यांच्यामधून मोठा सरळ रस्ता न्यायचा. समोरचा न्हावी म्हणायचा, "मेलेल्यांना मोकळी हवा पाहिजे म्हणे, तेव्हा जित्यांनी जागा करा." पुढं तो हे दार लावून म्हणायला लागला, आणि मग म्हणेनासाच झाला.

नझ्झारेनोला दीड वर्ष काम नव्हतं. पाडापाडीवर माणसं घेत होते, तिथं तो लागला. आधी लांबच्या गल्ल्या झाल्या. मग एका संध्याकाळी तो घरी आला आणि हातपाय न धुताच बसून राहिला. उद्या आपलीच गल्ली, मुकादमानं नाव घेऊन सांगितलंय, असं तो म्हणाला.

"मी जाणार नाही," तो म्हणाला. "ज्या चुलीवर आईनं शिजवून घातलं तिच्यावर कुदळ घालू?"

एर्सिलिया स्वभावानं रोखठोक. ती म्हणाली, "तू गेला नाहीस म्हणून घर राहणार आहे का? घर जाईल आणि कामही जाईल. परक्यानं धसमुसळेपणानं पाडण्यापेक्षा तू पाड. निदान हात तरी जपून चालेल."

हे बोलणं तिनं पुढं जन्मभर चघळलं. मला तर ते इतक्यांदा सांगितलं की मी म्हणायची, बाई गं, पुरे आता.

सामान आदल्या रात्रीच रस्त्यावर काढलं होतं. सकाळी नझ्झारेनो छपरावर चढला आणि कौलं उतरवू लागला. आजीनं आपली खुर्ची समोरच्या न्हाव्याच्या दाराशी मांडून घेतली आणि ती तिथं बसली. ऊन आलं तरी उठली नाही. एर्सिलियानं पाव आणि चिकोरीच्या पाल्याची भाजी नेऊन दिली, ती तशीच मांडीवर राहिली.

आजी नेहमी सांगायची की, ती लहान असताना निजायच्या खोलीत भिंतीवर एक पक्षी होता, अंजिराला चोच मारणारा. कॉलऱ्याच्या वर्षी सगळ्या भिंतींना चुना दिला, तेव्हा तो गेला. पुढं दर ईस्टरला चुन्यावर चुना चढत गेला. म्हातारीच्या डोक्यातलं आहे, असंच घरात सगळे धरून चालायचे.

दुपारी नझ्झारेनो त्या खोलीत पोचला. पलंगामागच्या भिंतीवर कुदळीचा दुसरा घाव बसला आणि चुन्याचा मोठा पापुद्रा खाली आला. आत पानांची माळ होती, लाल फीत होती, अंजीर होतं. आणि पक्षी होता. रंग असा की काल काढलाय.

त्यानं काम थांबवलं. मुकादमानं पुराणवस्तू खात्याच्या साहेबाला बोलावलं. साहेब म्हातारा, सभ्य, हातात वही घेऊन आलेला. तो बराच वेळ भिंतीसमोर उभा राहिला. त्यानं रुमालानं पक्ष्यावरची धूळ पुसली, वहीत चित्र उतरवलं, मापं घेतली. कुण्या चांगल्या हाताचं काम आहे, मोठमोठे चित्रकार शहरात राबत होते त्या काळातलं, असं तो म्हणाला. मग वही मिटून मुकादमाकडं वळला.

"सुंदर आहे. पण हे चारशे वर्षांचंच आहे. आपल्याला खालचं पाहिजे, दोन हजार वर्षांचं. फोडा."

नझ्झारेनोनं एकच मागणं केलं, पाच मिनिटं द्या. साहेबानं मान हलवली. तो तसाच चुन्यानं माखलेला धावत खाली आला, रस्ता ओलांडून आईपुढं उकिडवा बसला.

"आई, पक्षी आहे गं. तू सांगायचीस तस्साच. चल, दाखवतो. साहेब थांबलाय."

आजीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "मी पाहिलाय," ती म्हणाली. "तू तुझं काम कर."

त्यानं ते केलं.

त्या दिवसानंतर आजी लेकाशी बोलली नाही. गोर्दियानीत आल्यावर काही सांगायचं असलं तर सुनेकरवी सांगे. 'त्याला म्हणावं दार लोट.' 'त्याला म्हणावं बूट बाहेर काढ.' तीन माणसं एका खोलीत, आणि त्यातल्या दोघांचं बोलणं तिसरीच्या तोंडून. त्यानं ताट पुढं केलं तर ती जेवत नसे.

ऑक्टोबरात रस्ता खुला झाला. पुढं एका रविवारी एर्सिलिया मला घेऊन तिकडं गेली. एक जुनं चर्च तेवढं जागेवर राहिलं होतं. त्याच्या दारापासून ती आपल्या घरापर्यंतची पावलं मोजत निघाली. अडतीस झाली आणि पुढं रस्ताच आला, गुळगुळीत, त्यावरून मोटारी. लोक कठड्याला टेकून खालचे पांढरे खांब बघत होते. ती तिथंच घुटमळली, तेव्हा शिपायानं पुढं व्हायला सांगितलं.

परतताना ट्राममध्ये म्हणाली, "खांब चांगले आहेत गं. माझी चूल कुठं होती तेवढं काही कळेना."

त्या हिवाळ्यात भिंतींना पाणी सुटलं. फेब्रुवारीत आजीची छाती भरली. शेवटच्या दिवशी तिनं पाणी मागितलं. एर्सिलिया नळावर होती, म्हणून नझ्झारेनोनं पेला तिच्या ओठांना लावला, आणि ती प्यायली. लेकाला क्षमा करून प्यायली की कोण पाजतंय हे कळण्याच्या पलीकडं गेली होती, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही. एर्सिलियालाही नाही.

त्याला दुसरं काम मिळालं नाही. चौतीस साली नदीकडच्या वस्तीत पाडकाम सुरू झालं, तिथंही एका सम्राटाची कबर मोकळी करायची होती. तो तिथं लागला, आणि एक दिवस भिंत कोसळली. दोन गडी जागीच गेले, नझ्झारेनोचं कंबरडं मोडलं. त्यानंतर तो दीड वर्ष अंथरुणावर होता. मला भिंतीपलीकडून त्याचं कण्हणं ऐकू यायचं, आणि तो कण्हायचा थांबला की जास्त भीती वाटायची.

एकदा एर्सिलियानं त्याला विचारलंच. "मी तुला त्या दिवशी पाठवलं नसतं तर?"

तो म्हणाला, "तू पाठवलंस, मी गेलो. आता दोघांनी निम्मं निम्मं वाटून घ्यायचं."

छत्तीसच्या मार्चमध्ये तो वारला.

गाद्यांचा धंदा तर तिथं आल्यापासूनच बसला होता. गोर्दियानीत लोकर कुणाकडं होती? आम्ही मक्याच्या पाल्यावर झोपायचो. जुनी गिऱ्हाइकं शहराच्या चारी टोकांना फेकली गेलेली. एर्सिलिया इस्पितळाच्या चादरी धुवायला जाऊ लागली. सोड्याच्या पाण्यात राबून तिचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. लढाईची वर्षंही तिनं तशीच काढली.

सत्तावन्न साली नव्या इमारतींमध्ये घरं द्यायला लागले. आम्ही दोघी बरोबरच गेलो. कारकून तरुण होता. त्यानं तिचा आधीचा पत्ता विचारला. तिनं बोनेल्ला गल्ली आणि घराचा नंबर सांगितला. त्यानं यादी वरखाली पाहिली.

"आजी, ही गल्ली यादीत नाही."

"नाहीच ती," एर्सिलिया म्हणाली. "म्हणून तर मी तुझ्यासमोर उभी आहे."

त्यानं तो रकाना कोरा सोडला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, आत नळ. पण जिना तिला झेपेना. दुसऱ्या वर्षापासून ती खाली उतरेनाशी झाली. मी दुपारी वालाचं सूप घेऊन जायची. कोण भेटलं, कुणाचं काय झालं, हे ती खोदून खोदून विचारायची. स्वतःबद्दल मात्र काही बोलत नसे. एकसष्टच्या जानेवारीत मी गेले, तेव्हा ती पलंगाच्या काठावर बसल्या बसल्या गेलेली होती, एका पायात मोजा, दुसरा हातात. खालच्या मजल्यावरच्या दोघींना बोलावून आम्ही तिला आडवी केली, आणि तो मोजा मी चढवला.