फाटलेल्या पुस्तकांचे शेवट

एक पातळसं पुस्तक. मुखपृष्ठावर टेकडी चढणारं राखाडी गाढव, आणि गाढवाच्या कानावर पिवळ्या रंगाचा एक अंगठा... अगदी रेषारेषांसह उमटलेला. माझ्या हातात आलेलं हे पहिलं पुस्तक. समुद्र बघायला निघालेल्या गाढवाची गोष्ट होती ती. चोविसाव्या पानावर गाढव शेवटच्या टेकडीच्या माथ्यावर पोहोचायचं, आणि तिथे पुस्तक संपायचं. पुढे नुसते शिवणीचे दोरे आणि वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा.

पेणला आमच्या आळीच्या टोकाला गणपतीचा कारखाना होता. आई तिथे मूर्तींच्या सोवळ्याला रंग द्यायला जाई. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथेच. ओल्या शाडूचा गारवा, भिजत घातलेल्या डिंकाचा आंबूस वास, पत्र्याखाली कोंडलेली दुपारची उष्णता, आणि रांगेत बसलेले पांढरेशुभ्र गणपती, ज्यांना अजून डोळे नव्हते आणि म्हणून जे कुणाकडेच बघत नव्हते... या सगळ्यात माझं बालपण गेलं. बाहेरगावी जाणाऱ्या मूर्ती पेंढ्यात आणि रद्दीच्या कागदात बांधल्या जात. रद्दीत वह्या येत, जुनी वर्तमानपत्रं येत, आणि कधीतरी कुणाच्या तरी घरातून, कुणीतरी मोठं झालं म्हणून निघालेली गोष्टींची पुस्तकं येत.

बांधणीचं काम मालूकाकूकडे. आमच्या शेजारीच राहणारी ही बाई जितकी तोंडाळ तितकीच भाविक. तिचा एक नियम होता, आणि तो साऱ्या कारखान्याने मानलेला होता: पुस्तक पुढून फाडायचं नाही. पहिल्या पानावर ‘श्री’ असतो, कधी सरस्वती असते. “देवाला गुंडाळायचं, नि तेही देवाचंच पान फाडून? पाप लागंल!” असं म्हणत ती पुस्तक उलटं करी आणि मागून एकेक पान ओढून काढी. या एका भाविक नियमामुळे माझ्या लहानपणीच्या सगळ्या गोष्टी सुरू होत, आणि एकही संपत नसे.

मी पोहोचेपर्यंत पुस्तकाचं जेवढं उरलेलं असे, तेवढं मालूकाकू माझ्यासाठी पेंढ्याखाली सारून ठेवी. मी ते मोठ्याने वाचायचं, असा रिवाज पडला होता. आईला वाचता येत नव्हतं. मालूकाकूला सही करण्यापुरतं येई. पण गोष्टीची भूक दोघींना माझ्याहून जास्त.

“थांबलीस का गो? माझा ब्रश थांबतोय बघ,” आई म्हणायची.

“पान संपलं.”

“संपलं नाय, हिनं खाल्लं,” आई मालूकाकूकडे हनुवटी करायची.

“मी नाय गो खाल्लं, गणपतीनं नेलं. दोन दिसांपूर्वीच गेला ना तो वडखळला!”

मग शेवट सांगायचं काम आईवर येई. पण लगेच नाही. बरेचदा त्याच सुमाराला आखणी सुरू व्हायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचे. ते काम फक्त मालक स्वतः करीत आणि ते चालू असताना कारखान्यात कुणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. केसाएवढी बारीक रेघ, एका श्वासात. त्या शांततेत आईचा ब्रश सोवळ्याच्या निऱ्यांवरून खालीवर फिरत राही आणि मला तिच्या तोंडाकडे बघून कळे की ती टेकडीवर उभ्या असलेल्या गाढवापाशी जाऊन पोहोचली आहे. आखणी आटपली, मालकांनी पाठ सरळ केली, की आई घसा साफ करून सांगायला लागे.

“तर काय झालं... गाढव दमलं. माथ्यावरनं बघतंय तर समुद्र अजून लांबच. मग ते खाली उतरलं नि खाडीच्या बांधावर बसलं. म्हणालं, आता नाय जमत बाबा. तेवढ्यात आलं उधाण. पाणी बांधाला लागलं, वर चढलं, नि गाढवाच्या पायापाशी येऊन थांबलं. गाढवानं जीभ लावली. खारट! म्हणजे समुद्रच तो. त्यालापण हौस असते गो कुणाला तरी भेटायची. अर्ध्या वाटेवर तो आला. मग दोघं बोलले नि आपापल्या घरी गेले.”

खाडीचं पाणी शेताच्या बांधापर्यंत येतं हे मी रोज पाहत होते. पण ते कुणाला तरी भेटायला येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

असे किती शेवट आईने लावले असतील! आरशात बघून लाजणारा कावळा, राजाच्या मुकुटात घरटं करणारी चिमणी, हरवलेली सावली शोधणारा म्हातारा... सगळ्यांना तिने आपापल्या घरी पोहोचवलं. आणि मी ते सगळं खरं मानलं. छापलेलं आणि सांगितलेलं यांत शिवण कुठे आहे, हे मला दिसतच नव्हतं.

ती दिसली पाचवीत. वर्गात गोष्ट सांगायची होती. मी उभी राहून गाढवाची गोष्ट सांगितली, उधाणासकट. बाई मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पुस्तकात असं नाहीये गं, पण छान सांगितलंस.” वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला ऐकू आला नाही. वर्ग हसला, तेवढंच ऐकू आलं. कारखान्यात येऊन मी दप्तर पेंढ्यावर आपटलं आणि सगळ्यांदेखत आईला म्हणाले, “बाई म्हणाल्या, ते चूक आहे. तू खोटं सांगतेस. तुला वाचता येत नाही म्हणून काहीही सांगतेस.”

तिने ब्रश पाण्यात बुडवला, निथळला, पुन्हा रंगात बुडवला. दुसऱ्या दिवशी मी वाचून थांबले, मालूकाकूने “सांग की गो पुढं” म्हणून डिवचलं, तर आई एवढंच म्हणाली, “मला काय ठावं. बाईंना इचार.”

त्यानंतर तिने एकही शेवट सांगितला नाही.

पुढे सारं शिक्षणच झालं. बारावी, मग बीएस्सी. आमच्या घरातली पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. आईने माझी गुणपत्रिका उलटी धरून बघितली आणि सरळ धरणाऱ्या माणसाहून जास्त वेळ बघितली. नोकरी रोह्याला लागली, धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. लग्न, घर, मुलगी. पहिल्या पगारातून मी लहान मुलांची तीन पुस्तकं घेतली, तेव्हा मला मूल नव्हतं. दुकानदाराने विचारलं, “कुणासाठी?” मी म्हणाले, “माझ्यासाठीच.” घरी येऊन आधी तिन्हींची शेवटची पानं वाचली.

आज आमच्या बाहेरच्या खोलीत त्या तिनांची चार फळ्या भरून पुस्तकं झाली आहेत, आणि हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, त्याला इलाज नाही. माझी मुक्ता आणि गल्लीतली पोरं ती हवी तशी वाचतात. आता त्यांत ऐकायच्या पुस्तकांचीही भर पडली आहे. एका जुन्या मोबाइलवर ती उतरवून घेतली आहेत. शेजारी डबीएवढा स्पीकर. पोरं चित्रं काढत, शेंगा सोलत गोष्टी ऐकत बसतात. गेल्या महिन्यात नवीन पुस्तकांचं खोकं आलं. कोऱ्या कागदाचा तो करकरीत वास घरभर झाला. खोक्यात अकरा पुस्तकं, आणि त्यांत, नव्या चित्रांसकट नव्याने छापलेलं, ते गाढव. त्याची गोष्ट मी पोरांना तोंडी सांगितली होती, आईच्या उधाणासकट.

मुक्ताची मैत्रीण नाझिया, समोरच्या घरातली, वडील दुबईला असतात तिचे. तिने ते तिथेच उभ्याने वाचून काढलं आणि माझ्याकडे आली. “काकी, तुम्ही सांगितलेलं नाही हे. ह्याच्यात ते लाटांना घाबरून पळतं. आणि खाली लिहिलंय, आपलं घर बरं.”

मी पान बघितलं. खरंच पळत होतं गाढव, कान मागे पाडून. तीस वर्षं मला न मिळालेलं पान ते. ते वाचून मला जे वाटलं ते नवल नव्हतं, लाज होती. एवढ्यासाठी मी आईला खोटी म्हटलं होतं.

त्या रविवारी मी मुक्ताला घेऊन पेणला गेले. गाडी कासू स्टेशन सोडून पुढे निघाली तरी मी मनात वाक्यं जुळवत होते. आईने आता काम सोडलं आहे. हात थरथरतो, रंग रेघेबाहेर जातो. दारातच तांदूळ निवडत बसली होती, शेजारी मालूकाकू. मी मोबाइल पुढे ठेवला आणि म्हटलं, “आई, तुझे शेवट सांग. मला ते आमच्या पुस्तकांत ठेवायचेत.”

“येडी हायस काय? माझं ते काय पुस्तक हाय? फाटलं व्हतं म्हणून ठिगळ लावलं. तुझ्या बाईंनी सांगितलं ना, चूक म्हणून.”

तिला वर्गातली गोष्ट आठवत होती. शब्दासकट.

“चूक मी केली,” मी म्हणाले. एवढी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

आई तांदळातले खडे बाजूला करत राहिली. मग खाली बघतच तिने विचारलं, “खरा शेवट काय व्हता गो त्याचा?”

इतकी वर्षं तिने ते मनात ठेवलं होतं आणि कुणाला विचारलं नव्हतं. मी पुस्तक सोबत आणलं होतं. शेवटचं पान तिला वाचून दाखवलं.

तिने मान वर केली. “पळालं?”

“हो.”

“एवढ्या टेकड्या चढून गेलं, नि पळालं? मंग गेलं कशाला मेलं!”

“ते पान फाडलं तेच बरं केलं मी,” मालूकाकू म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ अंगणात सांडले. मुक्ता ते वेचायला धावली. मालूकाकू डोळे पुसत मला म्हणाली, “लाव तुझं ते यंत्र. तुझ्या आयशीचं तोंड म्हणजे रेडिओच हाय, उगाच बंद पडलेला.”

आईने पदर सारखा केला, जणू फोटो काढायचा आहे. “बोलू का? पण मी आपली अशीच बोलणार हां. पुस्तकासारखं मला नाय येत.”

“अशीच बोल.”

ती अशीच बोलली. मधे कुकरची शिट्टी आहे, मालूकाकूची लुडबुड आहे, एकदा कोंबडी आहे. मी काहीच काढून टाकलं नाही. सात गोष्टी त्या दिवशी मिळाल्या. रोह्याला येऊन मी यादीत त्यांची नोंद केली: नव्या अकरा पुस्तकांच्या खाली, सांगणारी म्हणून आईचं पूर्ण नाव. पदवीच्या कागदावर माझं नाव छापलेलं पाहिलं तेव्हाही ऊर इतका भरून आला नव्हता.

पोरांनी आईच्या आवाजातली गाढवाची गोष्ट ऐकली. मग नाझिया म्हणाली, “आता कुठलं खरं?”

“तुला कुठलं हवं?”

तिने विचार केला. “अब्बूला पाठवा हे. ते पण समुद्रापलीकडे आहेत.”

ते आईला फोनवर सांगितलं, तर तिने ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

सगळं मात्र मिळालं नाही. परवा संध्याकाळी तिचा फोन आला. “तो सावली शोधणारा म्हातारा... त्याचं मी काय केलं व्हतं गो?” मला आठवेना. तिच्या शेजारी बसलेल्या मालूकाकूलाही आठवेना. तिघींच्या मधून ती गोष्ट निसटून गेली होती, कुठल्या तरी गणपतीबरोबर, कुठल्या तरी गावाला.

“गेली म्हणायची,” आई म्हणाली. मग तिनेच विचारलं, “सुरवात येते तुला?”

सुरुवात मला पाठ होती. खिडकीत उभी राहून मी म्हणायला लागले, लहानपणी वाचायचे तशीच, मोठ्याने. म्हातारा उन्हात निघाला, विहिरीत डोकावला, झाडाला विचारून आला... मग पान संपलं आणि मी थांबले. पलीकडे पेणला आई विचार करत होती. आखणीच्या वेळी बसायचे तशी मी वाट बघत उभी राहिले.