तो मजकूर माझा होता

त्या माणसाने माझ्याकडे बघितलंही नाही. ओला कोट माझ्या हातावर टाकला आणि आत गेला. मागून दुसरा आला, त्यानेही टाकला. वर छत्री.

हेगमधल्या एका जुन्या इमारतीचा दरवाजा. बाहेर पावसाची झड. माझ्या हातांवर वकिलातींतल्या साहेबांचे कोट. अंगावर माझी चांगली साडी. मेधाताईंनीच सांगितलं होतं, "साडी नेस. पाहुण्यांना आवडते."

मेधाताई माझ्या वरिष्ठ. पुण्याच्या. आमची कंपनी परदेशी पेपर वाचून वकिलातींना इंग्रजीत गोषवारा पुरवायची. रशियन विभाग मेधाताईंचा. त्यांना रशियन येत नव्हतं. मला येत होतं.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पेट्या उचलायचे. पेट्यांवर रशियन अक्षरं. ते म्हणायचे, "हे साहेबालासुद्धा वाचता येत नाही. तू शीक." शिकले. एम.ए. झाले. वर्गात पोरी म्हणायच्या, सवलतीची सीट. ऐकून घेतलं. लग्न करून हॉलंडमधल्या हार्लेमला आले, नवऱ्याच्या व्हिसावर. वर्षभर घरात बसले, मग ही नोकरी लागली.

पहिल्याच दिवाळीला मेधाताईंनी घरी बोलावलं. फराळ वाढता वाढता विचारलं, "माहेरचं आडनाव काय गं?" मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि चकलीची ताटली पुढे सरकवली. हॉलंडमध्ये कप वेगळा ठेवत नाहीत. कामं वेगळी ठेवतात. क्लायंटसमोर त्या, पडद्यामागे मी.

रोज सकाळी मी रशियन सरकारचं दैनिक वाचायचे. अर्धा पेपर नुसते कायदे आणि हुकूम. तिकडे कायद्यावर सही झाली तरी तो अधिकृतपणे छापून यावा लागतो, त्याशिवाय लागू होत नाही. छापायचा मान या पेपरला. सोव्हिएत संघ मोडायच्या सुमारास तो निघाला, संसदेचा पेपर म्हणून. मग संसद आणि राष्ट्राध्यक्ष एकमेकांवर उठले. संसदेच्या इमारतीवर रणगाडे चालून गेले. पेपर सरकारच्या हातात गेला. काल ज्यांची बाजू मांडली, त्यांच्याच विरुद्ध आज लिहायला लागला. हे सगळं मी उन्हाळाभर बसून लिहून काढलं. पेपरचा इतिहास, त्याचं काम, आणि सरकारी पेपर कसा वाचायचा, म्हणजे काय छापलंय आणि काय गाळलंय. मेधाताई म्हणाल्या, "छान झालंय. चर्चासत्रात तूच वाच."

चर्चासत्राच्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "तू दारापाशी थांब. तुझा उच्चार जरा... कळतंय ना तुला?"

कळत होतं. तरी थांबले. याची चीड मला आजही येते.

दार उघडंच होतं. आतून मेधाताईंचा आवाज आला. वाक्य माझं. पुढचंही माझं. रणगाड्यांचा परिच्छेद मी चार वेळा खोडून लिहिला होता. तो त्या चष्मा सारखा करत वाचत होत्या. म्हणाल्या, "माझ्या अभ्यासातून मला असं दिसलं..."

माझ्या.

मी कोट खुर्चीवर टाकले. एक घसरून खाली पडला. पडू दिला. आत गेले, मधल्या वाटेने थेट पुढे. इंग्रजीत म्हटलं, "हा लेख मी लिहिलाय. पुढचा भाग मी वाचते."

एक साहेब घड्याळाकडे बघायला लागले. अध्यक्षांनी कॉफीची सुट्टी जाहीर केली. सगळे उठले आणि मला वळसा घालून गेले.

मेधाताईंनी मला कोपऱ्यात ओढलं. दात आवळून म्हणाल्या, "तुम्हा लोकांना इथपर्यंत आणलं, हेच चुकलं."

"कुठल्या लोकांना, ताई?"

त्यांनी माझा हात सोडला.

"बोला ना. कुठल्या लोकांना?"

त्या वळल्या आणि पाहुण्यांच्या घोळक्यात गेल्या. नोकरी त्याच आठवड्यात गेली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो दार लावून घेत म्हणाला, "इथे आपलं कुणाला माहीत नाही. कशाला उघडं पाडतेस?" तो वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस आहे. मी म्हटलं, "मी कुठे काय चोरलंय, लपवायला?" त्याच्या उत्तराची मी वाट बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी तो लेख एका मासिकाला पाठवला, माहेरचं आडनाव लावून. महिन्याने त्यांचा फोन आला. लेख घेतो, पण सोबत एखाद्या नामवंत तज्ज्ञाचं नाव टाकू या, वजन येईल. मी नाही म्हणाले. लेख परत आला. मी तो दुसरीकडे पाठवला. तिथूनही परत आला तर तिसरीकडे पाठवीन.

माझ्या मजकुराखाली माझंच नाव राहील, माझ्या बापाच्या आडनावासकट. ज्याच्या डोळ्यांत ते खुपेल, त्याने रशियन शिकावं आणि स्वतः लिहावं.