बाणांशिवायची दरी

अक्काला कुणी रस्ता विचारला की मला धास्ती वाटे. "डावीकडे वळा" असं ती कधीच सांगत नसे. "ती पाण्याची टाकी दिसते ना? तिथवर जा. पुढचं तिथं गेल्यावर दिसेल." बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या जुन्या मराठी घरातली ही बाई गेममधली जगं रचायची, आणि शहरही तिला तसंच दिसे. माझ्यापेक्षा बरीच लहान. पण ऑफिसात सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही.

मी निपाणीचा. फूटपाथवर गेमच्या सीड्या विकत वर आलो आणि एचएसआर लेआउटमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. एका परदेशी कंपनीची साहसी गेमची मालिका वर्षानुवर्षं चालत आली आहे. तिच्या नव्या भागातली एक दरी रचायचं काम मी घासाघीस करून ओढून आणलं. खेळणाऱ्यानं मोकळं भटकावं आणि दरीच्या टोकाचा घंटेचा मनोरा स्वतः शोधावा, अशी कल्पना. कंपनीला मात्र वाट दाखवणारे चमकते बाण हवे होते. अक्का ऐकेना. "बाण दिसला की माणूस बाणच बघतो, अण्णा. मग मी नदी कुणासाठी वळवली?"

तिची एक पद्धत होती. दरी तपासायला कुणाला खेळायला बसवलं, की ती कॉफीचा घोट तोंडात धरून त्याच्या मागे उभी राही. बोलायचा मोह नको म्हणून. समोरचा कड्याला धडका देत असला तरी हिचे गाल फुगलेलेच. एकदा मीच अडकलो आणि ओरडलो, "अगं, सांग की!" तिनं नुसती मान हलवली. नंतर म्हणाली, "स्वल्प हरवलात, त्यात काय? धबधबा तरी बघितलात ना?" बघितला होता. त्या क्षणी मात्र कॉम्प्युटर फोडावासा वाटला होता.

बाणांवरून मी कंपनीशी हातघाईवर आलो. शेवटी ठरलं, की त्यांचा माणूस येऊन आमच्यासमोर खेळेल. मदतीशिवाय मनोऱ्यापाशी पोचला तर बाण रद्द.

पाहुणा आला, सोबत एक सहकारीही; तो बाहेर फोनवर बोलत राहिला. पाहुणा छान खेळला. शेवटच्या फाट्यावर घुटमळला आणि डावीकडे निघाला. मला खोकला आला. सर्दी होती, आजही सांगतो. त्यानं मागे पाहिलं, उजवीकडे वळला आणि थोड्याच वेळात घंटा वाजवली. खूश होऊन त्यानं हात पुढे केला. मी तो धरणार, तेवढ्यात अक्कानं घोट गिळला आणि त्याला इंग्रजीत सांगून टाकलं, "हे जमेस धरू नका. आमचे साहेब खोकले."

"अक्का, मला सर्दी आहे!"

"सरी, ठीक आहे, अण्णा. मग बाहेर बसा. आता यांचे सहकारी खेळतील."

सहकारी त्याच फाट्यावरून डावीकडे गेला, भटकला, कंटाळून उठला. बाण लागले. अक्का मात्र पडद्याला नाक लावून बसली होती. "चूक माझीच. हा बांबू मनोरा झाकतोय." बाण लागणार हे ठरल्यावरही तिनं तो बांबू काढलाच.

हातात आलेला सौदा असा कुणी परत करतं? माझा तो राग अजून उतरलेला नाही.

पुढे त्याच पाहुण्याचा फोन आला. मला वाटलं, नवं काम. त्याला अक्का हवी होती. ज्या बाईनं खोटी जीत नाकारली, तिच्याच हातून त्यांना पुढच्या भागाचं अख्खं जग रचून घ्यायचं होतं. बाणांशिवाय.

मी तिला पगारवाढ देऊ केली, मग भागीदारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. "खूप देताय, अण्णा. पण तुमच्याकडे एकच दरी आहे."

"दुसरी आणतो."

"भांडून आणालच," ती हसली. "पण त्यांनी मला समुद्रसुद्धा दिलाय."

समोरच्याला काय हवं ते कळलं की मी सौदा हरत नाही. तिला काय हवं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते माझ्या दुकानात नव्हतं, एवढंच. ती निघाली त्या दिवशी विमानतळासाठी टॅक्सी मीच बोलावली, आणि तिच्या बॅगा नीट उचलल्या नाहीत म्हणून त्या बिचाऱ्या ड्रायव्हरवर उगाचच केवढ्यांदा तरी ओरडलो.